आयसीयूमधील बेडसोअर कसे मोजतात?

आयसीयूमधील रुग्णाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर जखम दिसली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "ही इथेच झाली का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा दाखल करतानाच्या नोंदीत सापडते.

एकाच जागी सतत दाब राहून तिथला रक्तपुरवठा कमी झाला की बेडसोअर, म्हणजेच शय्याव्रण होतो. बेशुद्धी, कमी रक्तदाब आणि तो वाढवण्यासाठी दिलेली काही औषधे यांमुळे आयसीयूत हा धोका जास्त असतो. २०१८ मध्ये ९० देशांतील १३ हजारांहून अधिक आयसीयू रुग्णांची एकाच दिवशी पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांना शय्याव्रण होते आणि १६ टक्के रुग्णांना ते आयसीयूत आल्यानंतर झाले होते.

सदाशिव पेठेसारख्या जुन्या भागात मुले परगावी आणि आईवडील घरी एकटे, हे चित्र नेहमीचे आहे. समजा, आजोबा रात्री न्हाणीघरात पडले आणि सकाळी शेजाऱ्यांच्या लक्षात आले. पाच-सहा तास फरशीचा दाब पडला, तरी त्वचा त्या वेळी ठीक दिसू शकते. आत खोलवर झालेली इजा जांभळ्या-काळ्या डागाच्या रूपाने वर यायला ४८ ते ७२ तास लागू शकतात. तोवर आजोबा आयसीयूत असतात आणि दोष रुग्णालयावर येतो. उलट, पहिल्या दिवशी त्वचा तपासलीच नसेल तर इथे झालेला व्रणही "घरूनच आला" म्हणून खपून जातो. म्हणून रुग्ण किती वेळ पडून होता, हे दाखल करतानाच सांगा.

'एनएबीएच' मानांकनाच्या पद्धतीत दाखल झाल्यानंतर नव्याने झालेले किंवा चिघळलेले व्रण दर १००० रुग्णदिवसांमागे मोजतात. २० खाटा महिनाभर भरलेल्या असतील तर ६०० रुग्णदिवस होतात. तेवढ्यात ३ रुग्णांना व्रण झाले तर दर ५. हा आकडा शून्य असला तरी लगेच खूश होऊ नका. जिथे रोज पाठ, टाचा, मास्कखालचे नाक तपासत नाहीत, तिथेही शून्यच येतो!

धोका मोजायला 'ब्रेडन' गुणपद्धत वापरतात. गुण ६ ते २३. जितके कमी, तितका धोका जास्त. साधारणपणे १८ किंवा त्याखाली असतील तर विशेष काळजी घेतात. आजचे गुण किती आणि कूस किती तासांनी बदलता, हे डॉक्टरांना किंवा सिस्टरना जरूर विचारा.

भेटीच्या वेळी लाल भाग दिसला तर बोटाने हलके दाबून पाहा. तो पांढरा पडत नसेल तर ही पहिली पायरी असू शकते. लगेच सिस्टरना दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे गरमपणा, कडकपणा किंवा दुखणे यांकडे लक्ष द्या. आणि कृपया तो भाग चोळू नका, पावडर किंवा स्पिरिट लावूनही नाही. चोळल्याने आतली इजा वाढू शकते.