बदललेली गिअरपेटी आणि खोळंबलेला ट्रॅक्टर

धाराशिव जिल्ह्यातील काळ्या जमिनीत मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की, सोयाबीनच्या पेरणीस हाती राहणारे दिवस मोजकेच असतात. अशा वेळी ट्रॅक्टरची गिअरपेटी मोडली, तर मोडीत निघालेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरची पेटी बसवून घेणे खर्चाच्या दृष्टीने वावगे नाही. परंतु पेटी बसल्यावर गिअर खरखरू लागले म्हणजे ‘पेटीच खराब निघाली’ असे ठरवून ट्रॅक्टर पुन्हा खोलला जातो, आणि मजुरीबरोबर वाफसाही जातो. वास्तविक अशा प्रसंगी दोष पुष्कळदा पेटीत नसून जोडणीत असतो.

हे पारखण्यास हत्यारे लागत नाहीत. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून चाकांना दगड लावावेत आणि इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. दात समोरासमोर अडले, तर क्लच दाबून पुन्हा प्रयत्न करावा. बंद इंजिनावर गिअर पडतात, पण चालू इंजिनावर क्लच दाबूनही खरखरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. बंद इंजिनावरही ते पडत नसतील, तर गिअरदांडी व गिअर सरकविणारे काटे तपासावेत. झाकण बसविताना दांडीचे टोक काट्याच्या खाचेबाहेर राहणे, ही चूक जाणत्या मिस्त्रीकडूनही होते.

क्लच न सुटण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे पेडलची मोकळी चाल. ती फार राहिली तर क्लच सुटत नाही. मुळीच नसली तर प्लेट घसरून जळते. तिचे माप त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. चाल जुळवूनही खरखर राहिली, तर प्लेट उलटी बसली आहे काय, किंवा वाकली आहे काय, हे पाहावे लागते. पेटी सरकविताना तिचा भार प्लेटवर लटकत राहिला की प्लेट वाकते. यासाठी दोन्ही भाग जॅक व भक्कम आधारावर एका पातळीत आणूनच जोडावेत. फट राहिली असता बोल्ट आवळून पेटी ओढून घेणे म्हणजे नवे नुकसान विकत घेणे होय.

पेटी विकत घेण्यापूर्वीच दोन्ही शाफ्टची लांबी, जाडी व खाचांची संख्या जुळवून पाहावी. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरची पेटी एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरला बाहेरून बसेलशी दिसते. परंतु पीटीओची रचनाच निराळी असल्याने ती तशीच चालत नाही.

आवाजावरूनही बराच बोध होतो. गिअर न टाकता इंजिन चालू असताना घरघर येते व क्लच दाबताच थांबते, तर पेटीच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर क्लच सोडविणारे बेअरिंग पाहावे. ओझ्याखाली गिअर आपोआप निसटत असेल, तर दांडीला दोरी बांधून काम रेटू नये. खटक्याची स्प्रिंग, झिजलेले दात व पेटीची सरळ बैठक तपासावी.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच भरावे. ज्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक व तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल असते, तेथे साधे गिअर तेल चालत नाही. थोडे दिवस काम झाल्यावर तळाचा बूच उघडून तेल बोटांवर चोळून पाहावे. बारीक करडी पूड थोडी आढळते. मात्र चकचकीत तुकडे हाती लागले, तर पेटी खोलण्याची वेळ खरोखरच आली आहे.