आठवण आणि उपकारस्तुती

काही आठवणी माणूस कुणाला सांगत नाही, नुसत्या बाळगतो. माझी अशी एक आठवण १९७२ च्या दुष्काळातली आहे. आमचे गाव तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे सुकडी वाटायचे. मी नऊ वर्षांचा, धाकटा भाऊ चार वर्षांचा. तो हगवणीने अंथरुणाला खिळला होता. एके दुपारी आईने त्याच्या वाटची सुकडी माझ्याजवळ दिली आणि "उठला की भरव" असे सांगून ती कामावर गेली. तो उठायच्या आत मी ती खाऊन टाकली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पुढे मी शिकलो, शिक्षक झालो. घर ख्रिस्ती, त्यामुळे रविवारची भक्ती कधी चुकली नाही. पण वर्गात एखाद्या पोराने डबा उघडला आणि गुळाचा वास आला, की माझा खडू थांबायचा. प्रभू क्षमा करतो, हे मला तोंडपाठ होते. तोंडपाठ असणे आणि आतून पटणे यांत किती अंतर असते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

अशा दिवसांत पंडिता रमाबाईंनी लिहिलेले दुष्काळाचे अनुभव माझ्या वाचनात आले. रमाबाईंची विद्वत्ता आपण शाळेत शिकतो, त्यांची भूक शिकत नाही. १८७४ च्या सुमारास, त्या सोळा वर्षांच्या असताना, वडील अनंतशास्त्री डोंगरे उपासमारीने खंगून वारले. थोड्याच काळात आईही गेली. आईने भाकरी मागितली, म्हणून रमाबाई शेजारच्या एका बाईकडे गेल्या. पण मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना, नुसते रडू येईना तेवढेच बाकी होते, तेही आले. त्या बाईने आपण होऊन बाजरीची भाकरी दिली. आईला मात्र ती खाण्याइतके त्राण उरले नव्हते. प्रेताला खांदा द्यायला माणसे पुरेनात. चौथी जागा रमाबाईंनी घेतली. त्या उंचीने लहान, म्हणून तिरडीचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. पुढे बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून काही या आठवणी धुऊन निघाल्या नाहीत. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांचे स्वतःचे उपाशी दिवस पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांनी तिथून सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या, आणि केडगावच्या शेतावर त्यांच्यासाठी घर उभे राहिले. ते 'मुक्ती'. वीस-बावीस वर्षांपूर्वी जिने तिला मागे खेचले असते, तीच आठवण आता तिला पुढे ढकलत होती.

मला मात्र त्या सगळ्यात अडकवून ठेवले ते शेजारच्या बाईने. इतक्या काळ्याकुट्ट आठवणीत रमाबाईंनी भाकरी देणारा हात जपून ठेवला होता. माझ्या आठवणीत कोण होते? एक ताटली आणि मी. तिसरे कुणीच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. "दुःखाबद्दल देवाचे आभार माना" असे काही उपदेशक सांगतात. मला ते पटत नाही. लेकरू गेल्याबद्दल आभार कसले? पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिले ते सर्व स्थितीत उपकार मानण्याविषयी. स्थितीत आणि स्थितीबद्दल, यांत फरक आहे. पवित्र शास्त्र रडण्यालाही जागा देते. दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाण्याची स्तोत्रे पुष्कळ आहेत आणि ८८ वे तर अंधारातच संपते.

प्रभुभोजनाचा विधी पाहा. तो आठवणीचाच विधी आहे, आणि आठवण कुठल्या रात्रीची? ज्या रात्री येशूला धरून दिले, त्या रात्रीची. पण त्या रात्री भाकर मोडण्याआधी त्याने उपकारस्तुती केली. याच शब्दावरून ग्रीक भाषेत या विधीला 'युखरिस्तिया' हे नाव पडले. विश्वासघाताची गोष्ट तिथे लपवलेली नाही, तिच्याच शेजारी उपकारस्तुती ठेवलेली आहे. मानसशास्त्रज्ञही यावर काम करतात. अमेरिकेतील फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मनात न मिटलेल्या प्रसंगातून कृतज्ञता वाटावी असे काय निघाले, हे काहींना लिहायला सांगितले होते. त्यांच्या मनात तो प्रसंग पुढे नको तेव्हा घुसणे कमी झाले. अर्थात, ज्यांची जखम फार खोल आहे त्यांनी नुसत्या वहीवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. त्यात विश्वास उणा पडत नाही.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी गावी गेलो आणि आईला सुकडीचे सांगितले. पंचवीस वर्षांनी. ती गहू निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याला गिळवतच नव्हतं, लेकरा. तू खाल्लीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, एकाच्या तरी पोटात गेली."

मग ती बोलत राहिली. तिच्या पाटीजवळची एक बाई रात्रभर तिच्याशेजारी बसून होती. मुकादमाने दोन दिवस वडिलांची हजेरी लावली होती. कबर खणायला कामावरचे लोक पहारी घेऊन आले होते, त्यांतले बरेचसे आमच्या मंडळीचे नव्हते. यातले मला काहीच माहीत नव्हते. मी विचारलेच नव्हते.

आई आता नाही. हंगामाच्या सणाला आम्ही धान्य वेदीपुढे ठेवतो तेव्हा मी त्या बाईसाठी, मुकादमासाठी आणि पहारी आणणाऱ्यांसाठी उपकार मानतो. भावाचे नावही घेतो. पूर्वी ते ओठांवर येत नसे. नातवंडांना त्या कबरीची जागाही दाखवून आणली आहे.

सुकडी मात्र मी अजून खात नाही.