पाठाची अखंडता आणि हॅश

हस्तलिखिताच्या दोन प्रती ताडून पाहताना संशोधकास अक्षर न् अक्षर वाचावे लागते. संगणकात साठविलेल्या पाठांसाठी मात्र एक निराळे साधन उपलब्ध आहे. २००२ साली अमेरिकेत प्रमाणित झालेली एसएचए-२५६ ही गणितपद्धती लहानमोठ्या कोणत्याही पाठापासून ६४ चिन्हांत लिहिता येणारी एक मुद्रा सिद्ध करते. तीस 'हॅश' म्हणतात. पाठातील एक अनुस्वार गळला तरी मुद्रा सर्वस्वी पालटते. बदल कोठे झाला, हे मात्र तिच्यावरून कळत नाही.

मराठीच्या अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हॅश काढला जातो तो दिसणाऱ्या अक्षरांचा नव्हे, तर त्यांना नेमलेल्या संकेतांकांचा. 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : 'ऱ' या स्वतंत्र वर्णास हलन्तचिन्ह जोडून, किंवा साध्या 'र'पुढे हलन्तचिन्ह व एक अदृश्य संयोजक योजून. डोळ्यांस भेद दिसत नाही; मुद्रा मात्र भिन्न येतात. युनिकोडचे प्रमाणीकरणही ही दोन रूपे एक करीत नाही. परिणामी निर्दोष प्रतही सदोष ठरते.

म्हणून बोलींचे पाठ संग्रहित करताना लेखनाची रीत आधी निश्चित करावी, तिची नोंद ठेवावी, आणि मगच हॅश काढून तो पाठापासून वेगळा जपावा. मुद्रा जुळली म्हणजे पाठ बदललेला नाही, एवढेच समजावे. तो शुद्ध आहे की नाही, हे ठरविणे पाठचिकित्सकाचेच काम होय.