तीन किलोमीटरची बोअर

आमच्याकडं बोअरची गाडी आली की निम्मी वाडी गोळा होते. गाडी बहुतेक तमिळनाडूची, पोरं तिकडचीच, बोलणं खुणांनी. नारळ फुटतो, कॉम्प्रेसर धडधडायला लागतो आणि पांढऱ्या भुकटीनं आसपासची केळी, माणसं, म्हशी सगळं एका रंगाचं होतं. दोनशे फूट गेलं की घरमालकाचा चेहरा उतरू लागतो. तीनशेला बायका आत निघून जातात. चारशेनंतर पुढं मारायची की थांबायची, यावर भावाभावांत भांडण. फुटाला दर असतो ना.

त्यामुळं डिसेंबर २०१६ मध्ये कोयना खोऱ्यात गोठण्याला सरकारनं बोअर मारायला घेतली, तेव्हा आमच्या शेजारच्या आप्पांना पडलेला प्रश्न रास्तच होता. यंत्र पाहून आले होते ते. मला म्हणाले, "सर, येवढं मोठं धूड आणलंय, तीन किलोमीटर खाली जानार म्हनत्यात. पानी न्हाय लागलं तर?"

मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. पाण्यासाठी नाही हो आप्पा, भूकंपासाठी, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की भूकंप आणखी खोलातून वर काढायचा विचार आहे की काय.

भूकंप आम्हाला नवा नाही. आमच्या घरात अजून माणसांची वयं भूकंपावरून मोजतात. धाकटी आत्या भूकंपाच्या आदल्या वर्षीची, वैलाची खोली भूकंपानंतरची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतो तो आवाज. जमिनीखालून मालगाडी जावी तसा. मग कौलं. आजीनं आम्हा तिघांना घोंगडीसकट ओढत अंगणात आणलं आणि उजाडेपर्यंत आत जाऊ दिलं नाही. कोयनानगर तर बसलंच. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धक्का ६.३ रिश्टरचा, म्हणजे असल्या जुन्या, टणक भूभागात होईल असं फारसं कुणाच्या मनातही नसलेला.

त्या पहाटे कोयना धरणाच्या पोटातल्या एका बोगद्यात एक यंत्र जागं होतं. जमिनीला किती जोराचा हिसका बसतो ते टिपणारं प्रवेगमापक. त्यात नोंद झाली ०.६३ जी, म्हणजे आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास दोन तृतीयांश. धरणाच्या अंगावर तडे गेले, पण ते उभं राहिलं. पुढं पाठीमागून आधार देऊन त्याला भक्कम करण्यात आलं. पण गंमत पुढंच आहे. ती काही सेकंदांची वेडीवाकडी रेघ जगभर गेली. धरणाला तडे कुठं आणि का जातात याचं गणित बसवायचं, तर त्यासाठी खरी नोंद आणि खरे तडे दोन्ही असलेली उदाहरणं जगात अगदी मोजकी होती, आणि कोयना त्यातलं एक. आजही कुठल्या तरी परदेशी विद्यापीठात एखादी मुलगी संगणकावर धरण हलवून पाहते, तेव्हा पुष्कळदा ते धरण आमचं असतं. इंजिनिअरिंगच्या एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत कोयनेचं उदाहरण छापलेलं आहे. त्या मुलीला इथलं हेळवाक माहीत नाही, पोफळी माहीत नाही, पण धरणाचा उतार कुठं बदलतो ते तिला तोंडपाठ आहे.

एकच यंत्र, बरोबर जागी बसवलेलं, बंद न पडलेलं, आणि त्याची नोंद सगळ्यांना मिळालेली. यातलं एक जरी चुकलं असतं तरी ती पहाट फक्त आमच्या आठवणीत उरली असती.

भूकंपाच्या अभ्यासाची अडचण अशी की हा प्रयोग टेबलावर होत नाही. रसायनशास्त्रवाला आपली परीक्षानळी घेऊन बसू शकतो. जमिनीखाली दहा किलोमीटरवर काय चाललंय ते पाहायला मात्र शेकडो ठिकाणी यंत्रं पुरावी लागतात, विवरं पाडावी लागतात, विमानातून मोजणी करावी लागते. एका प्राध्यापकाच्या किंवा एका विद्यापीठाच्या खिशाचं हे काम नाही. म्हणून देशानं मिळून सामायिक साधनं उभारायची. अमेरिकेनं २००४ पासून हे मोठ्या थाटात केलं. चारशे भूकंपमापक, साधारण सत्तर किलोमीटरच्या जाळीत, पश्चिम किनाऱ्यापासून सुरुवात. एका जागी दीडदोन वर्षं ऐकायचं, मग मागची यंत्रं उचलून पुढं न्यायची. शेतकऱ्यांच्या कुरणात, माळावर, परवानगी घेऊन. असं करत ती जाळी २०१३ पर्यंत अटलांटिकला पोचली आणि नंतर अलास्कात गेली. नोंदी कुणालाही फुकट. आपल्या मेंढपाळांचा वाडा जसा शेतातून शेतात सरकतो तशी यंत्रं सरकली, असं मी वर्गात सांगायचो. पोरांच्या लक्षात राहायचं.

आपल्याकडं यंत्रं फिरवण्यापेक्षा एका जागी खोल बसण्याला अर्थ होता, कारण ती जागाच तशी होती. १९६२ मध्ये शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा तलाव, भरायला लागला आणि थोड्याच दिवसांत आसपास बारीक धक्के सुरू झाले. तेव्हापासून आजपर्यंत ते थांबलेले नाहीत. पाच किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे वीसहून अधिक झाले, चारचे शेकड्यांनी मोजावेत इतके. आणि सगळे साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा उथळ. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचं धरण भरू लागलं, तसे धक्केही तिकडं सरकले. पाऊस सरला, तलाव भरला की सप्टेंबरात हादरे वाढतात, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे. त्यासाठी त्यांना आलेख लागत नाही.

धरणानं भूकंप केला, असं म्हणणं मात्र अर्धवट आहे. वजनानं डोंगर मोडेल एवढं पाणी काही तलावात नसतं. खडकात ताण आधीच ओढून धरलेला असतो. पाण्याचं वजन, आणि त्याहून जास्त भेगांत उतरलेलं पाणी, त्याला शेवटचा धक्का देतं. लग्नाच्या पंगतीत दोन भावकीतले आधीच धुमसत असतात. वाढपी फक्त आमटी सांडतो.

जगात असे धरणाजवळचे भूकंप पुष्कळ ठिकाणी झाले, पण बहुतेक ठिकाणी काही वर्षांत थंडावले. कोयनेला साठ वर्षं चालू आहेत. म्हणून हर्ष गुप्ता यांच्यासारखे भूशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एकच सांगत आले : इथं खाली जाऊन जिथं भूकंप जन्मतो त्याच्या जवळ कान लावू या. मार्च २०११ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय चर्चासत्र झालं. मग काम सुरू झालं, आणि ते आमच्या बोअरवाल्यांसारखं एकदम खाली घुसणारं नव्हतं. आधी हवेतून गुरुत्व आणि चुंबकत्वाची मोजणी. मग परिसरात सुमारे दीड दीड किलोमीटरची चाचणी विवरं.

या चाचणी विवरांची पद्धत वेगळी. आपली बोअर दगडाचा भुगा करते. इथं पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. नळी गोल फिरत दगड कापते आणि मधला दगडाचा दांडा शाबूत राहतो. त्याला सगळे 'कोअर' म्हणतात. तारेनं आतली नळी वर ओढायची, दांडा काढायचा, परत सोडायची. दीड किलोमीटर असं करायचं म्हणजे किती चिकाटी लागत असेल, पाहा.

कोयनानगरला लागून असलेल्या रासाटीच्या विवरात सुमारे ९३३ मीटर काळा बेसाल्ट लागला, आपला सह्याद्रीचा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. गोठण्याला बेसाल्ट आणखी जाड, १,२४७ मीटर. आता या दोन आकड्यांपाशी थोडं थांबा. सगळी विवरं मांडून पाहिली तेव्हा दिसलं की जमीन जितकी उंच तितका बेसाल्ट जाड, आणि त्याचा तळ मात्र सगळीकडं जवळपास एकाच पातळीत, समुद्रसपाटीच्या सुमारे तीनशे मीटर खाली. म्हणजे लाव्हा वाहत आला तेव्हा इथं सपाट माळ होता. तीस वर्षं मी सह्याद्री शिकवला, पण त्याच्या पायाखाली एक बुडालेलं पठार पसरलंय हे मला निवृत्तीच्या सुमारास कळलं. एका विवरानं हे कळलं नसतं. एकानं रासाटीचा आकडा स्वतःच्या कपाटात आणि दुसऱ्यानं गोठण्याचा आपल्या कपाटात ठेवला असता, तरीही कळलं नसतं.

गोठण्याचं मुख्य चाचणी विवर जून २०१७ मध्ये ३,०१४ मीटरवर पोचलं. इथं दोन्ही तऱ्हा वापरल्या : काही भाग हवेच्या हातोड्यानं, म्हणजे आपल्या बोअरसारखा, आणि काही भाग तेलविहिरीसारखा, दाट चिखल आत सोडून फिरत्या दातांनी. हातोडा टणक दगडात झपाट्यानं जातो. पण भेगाळ जागा आली, पाण्याचा लोंढा आला की त्याचं काही चालत नाही. मग चिखल. तो चुरा वर आणतो, विवराच्या भिंती धरून ठेवतो. कुठल्या खोलीवर कुठला चुरा आला हे पिशव्या बांधून, चिठ्ठ्या लावून ठेवायचं. या कामाला फोटोत जागा मिळत नाही.

काही विवरांत भूकंपमापक सोडून ठेवले आहेत, एक किलोमीटरहून खोल. वर यंत्र ठेवलं की त्याला एसटी ऐकू येते, ओढा ऐकू येतो, वारा सुटला की झाडाची मुळं ऐकू येतात. खाली शांत. इतके बारीक हादरे तिथं पकडता येतात की वरच्या यंत्राला त्यांचा पत्ताही लागत नाही. आणि जागा नेमकी सांगता येते. भूकंपाची पहिली लाट आणि दुसरी लाट यांच्यात किती वेळ गेला त्यावरून अंतर काढतात; एका सेकंदाला ढोबळमानानं आठ किलोमीटर. चौथाई सेकंदाची चूक झाली की दोन किलोमीटरचा घोळ. पुढं सहा किलोमीटरची विहीर खणायची योजना आहे, आणि तिचा तळ नेमक्या प्रस्तरभंगापाशी, म्हणजे खडक जिथं तुटून सरकतो तिथं, न्यायचा असेल तर हा घोळ परवडणारा नाही.

आमच्या गावात सार्वजनिक विहीर आहे. ती खणताना म्हणे सगळी भावकी फावडं घेऊन उतरली होती. गाळ काढायची वेळ आली की मात्र कुणाच्या गुडघ्याला दुखतं, कुणाची मुलगी बाळंत असते. सामायिक यंत्रांचंही हेच होतं. उद्घाटनाला मंडप असतो. दहा वर्षांनी बॅटरी बदलायची, पावसाळ्यात विजेपासून तारा वाचवायच्या, नोंदी जुन्या संगणकातून नव्यात न्यायच्या, यासाठी रक्कम मागणारा माणूस फायली घेऊन फिरत असतो. अशी एक नोंदवही मी एका कचेरीत पाहिली आहे, चांगल्या अक्षरातली, आठ वर्षांची, आणि मग एकदम कोरी. यंत्र बंद नव्हतं पडलं. कागद संपला होता.

आता आप्पांचं पाणी. गोठण्याच्या विवरात पाणी लागलं. तीन किलोमीटरपर्यंत. तपासल्यावर निघालं की ते मूळचं पावसाचं, वरून भेगाभेगांतून उतरत गेलेलं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा आमचा पाऊस दगडातून इतक्या खोल जातो, हे पूर्वी अंदाजानं म्हणत होते. आता नमुना हातात आहे. आणि तिथला खडकही तुटण्याच्या काठावर ताणलेला, थोडंसं निमित्त पुरे असा. हे मी आप्पांना ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यात मोटार किती हॉर्सपॉवरची बसंल?"

गेल्या हिवाळ्यात माझ्या जुन्या कॉलेजच्या मुलांबरोबर कराडजवळ हजारमाचीला गेलो होतो. तिथं केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची विवर-संशोधनाची प्रयोगशाळा आहे, आणि विवरांतून काढलेले दगडाचे दांडे खोक्यांत मांडून ठेवलेले आहेत. प्रत्येक खोक्यावर विवराचं नाव, कुठून कुठपर्यंतचे मीटर. एका खोक्यात वरचा काळा दगड संपून खालचा करडा, गुलाबी झाक असलेला खडक सुरू होत होता. एका मुलीनं विचारलं, हात लावू का? तिथल्या माणसानं मान डोलावली. तिनं अंगठा काळ्यावर ठेवला, तर्जनी करड्यावर. मधे इंचभर जागा. मी मनात वजाबाकी केली, दोनशे चाळीस कोटी वर्षांच्या आसपास.

तिला तो तुकडा उचलूनही पाहायचा होता. उचला, तो माणूस म्हणाला, फक्त ठेवताना बाण वरच्या बाजूला करा. पुढच्या आठवड्यात याच खोक्यासाठी दुसरे लोक यायचेत. तिनं ठेवला. त्यानं तरीही वाकून बाण एकदा तपासला आणि झाकण लावलं.