सिनेमा विकू नका, खंडाने द्या!

आपल्या तालुक्यातली पोरंही आता मोबाईलवर सिनेमे काढतात. काढून झाल्यावर प्रश्न येतो, दाखवायचा कुठं आणि पैसे कसे मिळणार?

त्यासाठी 'मुबी' कंपनीचं उदाहरण समजून घ्या. मूळचे तुर्कस्तानचे एफे चाकारेल यांनी २००७ मध्ये अमेरिकेत ती वेगळ्या नावाने सुरू केली. काम एकच, मोठ्या थिएटरला न लागणारे चांगले सिनेमे इंटरनेटवर दाखवणं. हजारो सिनेमे न ठेवता त्यांनी बरीच वर्षं फक्त ३० ठेवले. रोज एक नवा चढवायचा, महिना झालेला उतरवायचा. प्रेक्षक महिन्याची वर्गणी भरणार.

यात मेख अशी, की थोड्या दिवसांचे हक्क कंपनीला स्वस्त पडतात आणि मुदत संपली की ते मालकाकडे परत येतात. शेत खंडाने दिल्यासारखंच. सातबारा आपल्याच नावावर राहतो.

म्हणून कुठल्याही कंपनीच्या करारावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. मुदत किती? दुसरीकडे दाखवायला बंदी आहे का? आपला वाटा किती? हिशोब कधी मिळणार? करारात 'कायमचे सर्व हक्क' असं लिहिलं असेल, तर तो खंड नाही, खरेदीखत आहे. वकिलाला दाखवूनच सही करा.