पहिले सालारजंग: दिवाण, वऱ्हाड आणि संग्रहालय

मीर तुराब अली खान ऊर्फ पहिले सर सालारजंग (१८२९–१८८३) हे हैदराबादचे दिवाण होते, निजाम नव्हेत. जवळजवळ तीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी तीन निजाम पाहिले. १८६९ मध्ये महबूब अली खान लहान असतानाच गादीवर आले आणि राज्यकारभार सालारजंग व उमराव अमीर-ए-कबीर या दोघांकडे गेला. परक्यांना सालारजंगच राजे वाटावेत, यात नवल नाही.

वऱ्हाड त्यांनी इंग्रजांच्या घशात घातला, हा समज मात्र त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या, पण इंग्रजांच्या हाताखालच्या कंटिन्जंट फौजेच्या पगाराची थकबाकी वाढत गेली आणि तिच्यापोटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या वेळी दिवाण होते त्यांचे चुलते सिराज-उल-मुल्क. काही दिवसांतच ते वारले आणि चोवीस वर्षांच्या पुतण्याच्या गळ्यात दिवाणगिरी पडली. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाही. त्यासाठी सालारजंगांनी अर्जविनंत्या सोडल्या नाहीत. १८७६ मध्ये ते विलायतेला गेले. वाटेत पॅरिसमध्ये पडून त्यांचे मांडीचे हाड मोडले. इंग्लंडमध्ये सरदार-उमरावांनी मेजवान्या दिल्या, ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली. भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांनी वऱ्हाड काही दिला नाही. पुढे १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला.

ते इंग्रजांचे होयबा होते, हे मत अर्धेच खरे. १८५७ च्या उठावात, १७ जुलै रोजी, बंडखोर तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर चाल केली, तेव्हा सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, हे नाकारता येत नाही. पण वऱ्हाडाचा तगादा लावल्यामुळे पुढे कलकत्त्याच्या सरकारलाच ते डोईजड झाले.

निजामाच्या राज्यातली जिल्हा-व्यवस्था इंग्रजांनी घालून दिली, असेही समजले जाते. नमुना ब्रिटिश मुलखाचा होता खरा, पण महसुलाची मक्तेदारी मोडून १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली ती सालारजंगांनी. मराठवाड्यातला महसूल त्यामुळे मक्तेदारांऐवजी पगारी तालुकदारांच्या हाती आला.

८ फेब्रुवारी १८८३ ला ते अचानक गेले आणि विषप्रयोगाची कुजबुज झाली; मृत्यूचे कारण पटकी असे नोंदले गेले.

राहिले हैदराबादचे सालारजंग संग्रहालय. तिथला बहुतांश संग्रह त्यांचे नातू, तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान (१८८९–१९४९) यांनी जमवला. १९१२ ते १९१४ या काळात तेही दिवाण होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१ मध्ये, दिवाण देवडी या त्यांच्या वाड्यात संग्रहालय उघडले आणि १९६८ मध्ये मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले. मात्र ज्या मूर्तीपुढे मोठी गर्दी असते, ती इटालियन शिल्पकार बेंझोनीची संगमरवरी ‘बुरख्यातली रिबेका’, आजोबांचीच खरेदी. १८७६ च्या त्याच प्रवासात त्यांनी ती रोममध्ये घेतली.