माशांची शिरगणती

हौशी पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत प्राणवायू असतो, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. असते ती दाबून भरलेली साधी हवाच, आणि ती तासाभरात संपत येते. तेवढ्या वेळात बहुतेक जण प्रवाळांमधील रंगांचा मेळा डोळे भरून पाहतात व वर येतात. काही जण मात्र पाण्यातही लिहिता येईल अशी पाटी-पेन्सिल सोबत नेतात.

पॉल ह्यूमन आणि नेड डिलोच या अमेरिकन लेखकद्वयाने १९९० मध्ये फ्लोरिडात ‘रीफ’ ही संस्था स्थापन केली. हौशी पक्षिनिरीक्षक पक्ष्यांची गणना करतात, मग पाणबुड्यांनी माशांची का करू नये, हा साधा विचार तिच्या मुळाशी होता. १९९३ पासून स्वयंसेवकांनी पाठविलेल्या नोंदी आज अडीच लाखांहून अधिक झाल्या आहेत. रीत सोपी आहे. मनसोक्त पोहावे आणि दिसलेल्या प्रत्येक जातीपुढे एकच, २ ते १०, ११ ते १०० किंवा शंभराहून अधिक, अशी चारांपैकी एक खूण करावी. ज्याविषयी खात्री नाही, तो मासा लिहायचा नाही. हा शेवटचा नियमच खरी कसोटी पाहतो. ‘स्टॉपलाइट’ नावाच्या पोपटमाशाची मादी तांबूस, तर नर हिरवागार. शिवाय पुष्कळ माद्या पुढे नर होतात. नवख्याला ते दोन निराळे मासे वाटले तर नवल नाही. म्हणून संस्थेच्या सहलींत बुड्यांच्या जोडीला ओळखीचे वर्गही भरतात.

या कामाची एक बाजू अनेक वाचकांना खटकेल. हिंदी व प्रशांत महासागरांतील सिंहमासा माणसाच्या हातून अटलांटिकमध्ये शिरला आणि तेथील लहान मासे फस्त करू लागला. त्याला पकडून मारण्याच्या स्पर्धा हीच संस्था भरविते. एकास वाचविण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेण्याचा हा हिशेब सहज पटण्यासारखा नाही.

मात्र क्यूबाच्या दक्षिणेकडील लिटल केमन बेटावर जे घडले, त्यात केवळ मोजणी आणि संयम होता. नासाऊ ग्रूपर हा मोठा मासा एरवी एकटा राहतो; परंतु हिवाळ्यातील पौर्णिमेच्या सुमारास ठरावीक जागी हजारोंनी जमून अंडी घालतो. नेमके हेच त्याच्या जिवावर बेतले. २००१ मध्ये बेटाच्या पश्चिम टोकाशी सुमारे ७,००० माशांचा असा मेळा कोळ्यांना सापडला आणि दोन हिवाळ्यांत त्यातील सुमारे ४,००० मासे काढले गेले. कॅरिबियनमध्ये असे कित्येक मेळे याच रीतीने कायमचे मोडले आहेत.

‘रीफ’चे स्वयंसेवक तेथील पर्यावरण खात्यासोबत कामाला लागले. काही माशांना खुणेच्या पट्ट्या लावायच्या, मग थव्यात पट्टीचे किती व बिनपट्टीचे किती हे पाहायचे आणि त्या प्रमाणावरून एकूण संख्या काढायची, अशी त्यांची पद्धत. २००३ मध्ये सरकारने मेळ्याच्या जागी आठ वर्षे मासेमारी बंद केली. पहिली काही वर्षे आकडा हललाच नाही. हा मासा वयात यायलाच चार ते आठ वर्षे घेतो, हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना बंदी फसली असेच वाटले असेल. २०११ मध्ये ती आणखी आठ वर्षे वाढविण्यात आली. पुढे संख्या चढू लागली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार ती तिपटीहून अधिक झाली.

तोवर २०१६ च्या नव्या नियमांनी डिसेंबर ते एप्रिल हा मासा पकडण्यास पूर्ण मनाई केली होती. उरलेल्या महिन्यांतही १६ इंचांहून लहान आणि २४ इंचांहून मोठा मासा पाण्यातच राहतो: लहान, कारण त्याने अजून अंडी घातलेली नसतात, मोठा, कारण तोच सर्वाधिक घालतो.